खराब प्लेट

"रामकिसन, त्या दोन प्लेट कुणी टाकल्या?" उमा मॅडमनी विचारलं. माझी बायको रत्नमाला जाऊन बारा दिवस झाले होते आणि मी त्याच सकाळी कामावर आलो होतो.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये अटेंडंट आहे. पेशंटचा बेडका प्लेटवर पसरायचा, इनक्युबेटरमध्ये ठेवायचा, काय उगवतं ते मॅडमना दाखवायचं. हिरवी बुरशी आली तर ती हवेतली समजून न दाखवताच टाकायची आणि रजिस्टरला 'खराब' लिहायचं, ही आमची रीत. कंत्राटावरच्या कचरूला ती मीच शिकवली.

रत्नमालाला पूर्वी टीबी झाला होता. छातीत त्याची पोकळी राहिली होती. टीबी उलटला म्हणून डॉक्टर औषध देत राहिले, ती रक्त थुंकत राहिली. प्लेटवर नाव नसतं, नंबर असतो. तिच्या दोन्ही प्लेट मी टाकल्या. तिसरी मॅडमनी पाहिली आणि आजार टीबी नसून त्या पोकळीत वाढलेली तीच बुरशी आहे हे कळलं, तेव्हा फार उशीर झाला होता.

मॅडमनी मला बसायला सांगितलं. म्हणाल्या, ही बुरशी विष सोडते. तिला मारायला येणाऱ्या रक्तातल्या पेशीच त्या विषानं मरतात.

"मग ती सोता कशी मरत नाय?"

"विषाबरोबरच ती त्याचा उताराही बनवते. आतलं विष बांधून टाकते, बाकीचं बाहेर फेकते. उतारा बनवणं बंद पाडलं, तर आपल्याच विषानं मरते."

मग त्यांनी पुन्हा तेच विचारलं. रजिस्टरवर सही नव्हती.

"कचरू असंल," मी म्हणालो.

दुपारी कचरूनं मला सायकल स्टँडवर गाठलं. प्लेट टाकल्या त्या आठवड्यात तो बहिणीच्या लग्नाला बिडकीनला गेला होता. त्याचा पगार कापू नये म्हणून हजेरी मीच लावली होती.

"भाऊ, मी नव्हतो हे तुमाला ठावं हाय. सांगा की मॅडमला."

मी म्हणालो, सांगितलं तर खोट्या हजेरीपायी दोघंही जाऊ. तुला दुसरीकडं कुठंही काम मिळेल, माझं वय झालं.

"वहिनीला वार्डात डबा मी नेऊन द्यायचो, भाऊ," एवढंच तो बोलला.

शनिवारी त्याला काढलं.

घरी सासूबाई होत्या. केसरबाई पोरीच्या आजारपणात पिशोरहून आल्या, त्या परत गेल्याच नव्हत्या. मी त्यांना सांगितलं, प्लेट टाकणारा सापडला, काढून टाकला त्याला. त्या भाकरी थापत होत्या. थापायच्या थांबल्या नाहीत.

"हात झडतील मुडद्याचे," त्या म्हणाल्या. "माज्या लेकराचं औषध फेकलं त्यानं."

मी ताटावर बसलो.

"जेवा, जावईबापू. तुमी लई केलं तिचं."

त्यांनी तव्यावरची भाकरी माझ्यापुढं धरली. मी दोन्ही हातांनी घेतली.