चौथ्या प्रकरणातील राख

राजेश्रीच्या पाच वर्षांच्या संशोधनाचे भवितव्य एका काचेच्या बाटलीत साठलेले होते, आणि ती बाटली आता तळाला आली होती.

बाटलीत राख होती. परभणीतील एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र संशोधन केंद्रात राजेश्री पीएच.डी. करीत होती. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर असले म्हणजे माणसांचे दात तपकिरी पडतात, पुढे सांधे आखडतात. ते फ्लोराइड धरून ठेवील असा पदार्थ शेतातील टाकाऊ वस्तूंपासून सिद्ध करावा, हा तिचा विषय होता. उसाचे चिपाड, तुराट्या, सोयाबीनचे भूस, सर्व काही तिने जाळून, चाळून, भट्टीत तापवून पाहिले. शंभर भाग फ्लोराइडातील कोणी वीस भाग धरी, कोणी पंचवीस. मग तीन वर्षांपूर्वी बोरी या गावाकडच्या घरून, आईने पत्र्याच्या डब्यात भरून दिलेली पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांची, राख आली. आणि त्या राखेने ब्याण्णव भाग धरले.

त्या दिवशी तिच्या मार्गदर्शक निवेदिता मॅडम स्वतः पेढे घेऊन प्रयोगशाळेत आल्या होत्या. पुढे त्या राखेवर शोधनिबंध छापून आला, त्यावर दोघींची नावे आली, आणि प्रबंधाचे चौथे प्रकरण त्याच राखेवर उभे राहिले. खरे पाहता उरलेली प्रकरणे त्या चौथ्याच्या आधारानेच उभी होती.

परंतु प्रबंध तपासणाऱ्या समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी अट घातली, की नव्याने केलेल्या राखेनेही हाच परिणाम दाखवावा. अट रास्त होती. राजेश्रीने परभणीजवळच्या एका मळ्यातून पऱ्हाटी आणली, स्वतः जाळली, आणि मोजणी केली. एकतीस.

तिने पुन्हा केली. एकोणतीस. भट्टीचे तापमान बदलले, चाळणी बदलली, पाणी बदलले. अकरा वेळा तिने तोच प्रयोग केला आणि अकराही वेळा ती राख तिच्याकडे परक्यासारखी पाहत राहिली.

"ताई, एक सांगू का?" शेजारच्या टेबलावर काम करणारा बजरंग म्हणाला. तो तिच्यामागून दोन वर्षांनी आलेला विद्यार्थी, पालमचा. "तुमच्या राखंला नजर लागली. लिंबू-मिरची बांधा भट्टीला."

"बांध की तूच. तुझ्या हातून तेवढं तरी काम होईल."

"बघा, आमी मदत करायलाव तर तुमी टोमणे मारायलाव."

राजेश्री हसली, पण ते हसू ओठांच्या आत गेले नाही. वीस तारखेला समितीपुढे अंतिम सादरीकरण होते. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती आणि तिसरी सहसा कोणास मिळत नसे.

निवेदिता मॅडमनी शांतपणे आकडे पाहिले. "बोरीकडच्या जमिनीत चुनखडी जास्त असेल," त्या म्हणाल्या. "जुन्या राखेच्या अहवालात कॅल्शियम दुप्पट आलंच होतं. झाडानं ते मातीतून ओढून घेतलं असणार. तू बोरीचीच राख पुन्हा आण."

हे स्पष्टीकरण राजेश्रीलाही पटले, कारण चौथ्या प्रकरणात याच कॅल्शियमवर तिने दीड पान लिहिलेले होते. कपाशीचे मूळ किती खोल जाते आणि जमिनीतील क्षार कसे वर येतात, याचे ते वर्णन तिला स्वतःला फार आवडत असे.

तिने घरी फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळची जिंतूरची एस.टी. धरली.

बोरीच्या फाट्यावर उतरून ती घरी पोहोचली, तेव्हा तिची आई सुमनबाई अंगणात सूप घेऊन बसली होती. वडील व्यंकटराव शेतावर गेलेले होते. लेकीच्या फोनवरून आईने आदल्या दिवशीच पऱ्हाटी जाळून ठेवली होती आणि आता जुन्या लुगड्याच्या फडक्यातून राख गाळीत होती. ती राख इतकी मऊ पडत होती की प्रयोगशाळेच्या चाळणीला लाज वाटावी.

"बस गं माय. च्या घेती का? का आगुदर तुजी राख बघती?"

"राख बघते."

सुमनबाईने राखेचा ढीग सारखा केला. मग उठून आतून एक डबा आणला, त्यातून मुठीने पांढरी भुकटी घेतली आणि राखेवर पसरून दोन्ही हातांनी कालवू लागली.

राजेश्री पाहतच राहिली. "माय, हे काय टाकायलीस?"

"चुना. विरलेला हाय, हाताला लागत न्हाई."

"चुना कशाला?"

"आता गं!" आईला नवल वाटले. "नुसती राख ओल धरती, गोळे होत्यात. डाळीला लावायची राख मी अशीच करते, तुज्या आज्जीनं शिकवलेली. वरीसभर किडा शिवत न्हाई. लेकीच्या साळंची राख, ती काय चुलीतली उचलून दिऊ व्हय?"

राजेश्रीने डब्यातली भुकटी बोटावर घेतली. "मागं दिलीस, ती पण अशीच?"

"मंग! तीन वर्षाखाली दिल्ती ती बी अशीच. लय चांगली निघाली म्हणून तूच सांगितलंस की फोनवर."

"मग चुना टाकला म्हणून सांगितलं का न्हाईस?"

"तू इचारलंस का?"

चुना फ्लोराइडाला धरून तळाशी बसवतो, हे पदवीच्या वर्गातील मुलालाही ठाऊक असते. त्यात नवे काहीच नाही. जे गुण तिने पऱ्हाटीच्या राखेला वाहिले होते, ते आईच्या मुठीतील चुन्याचे होते. जमिनीतून मुळावाटे वर येणारे कॅल्शियम, ते दीड पान, तो छापलेला निबंध, सर्व त्या अंगणात तिच्या डोळ्यांसमोर कालवले जात होते, आणि कालवणारे हात किती मायेने चालले होते!

"काय चुकलं का गं माजं?" सुमनबाईने हात थांबवले.

"न्हाई," एवढेच ती म्हणाली. आणि गाडीची वेळ सांगून, चहासुद्धा न घेता, राखेचा डबा घेऊन निघाली.

परतल्यावर तिने एकच प्रयोग केला. आईच्या मापाने थोडा विरलेला चुना तिने परभणीच्या त्याच नापास राखेत मिसळला आणि मोजणी केली. एक्याण्णव. तीन वर्षांत प्रथमच तिच्या हातून आकडा असा जुळून आला होता, आणि तो पाहून तिला रडू कोसळले. बजरंगने तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

निवेदिता मॅडमनी सर्व ऐकून घेतले. बराच वेळ त्या टेबलावरची टाचणी फिरवत राहिल्या.

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला. बजरंगला. आणि आईला."

"आईला काय माहीत आहे?"

"तिनं चुना टाकला, एवढंच. त्यानं काय झालं, ते नाही."

मॅडमनी खिडकीकडे पाहिले. "जुन्या बाटलीत एका मोजणीपुरती राख शिल्लक आहे. समितीसमोर तीच दाखवली, तर आकडा ब्याण्णवच येईल. आणि तो आकडा खोटा नाही, राजेश्री. आपण काही रचलेलं नाही."

"आकडा खोटा नाही मॅडम. बाटलीवरचं नाव खोटं आहे."

"त्या निबंधावर माझंही नाव आहे," मॅडम हळूच म्हणाल्या. त्या आवाजात राग नव्हता, भीती होती. आणि राजेश्रीला आपल्या गुरूची भीती पाहणे रागापेक्षा जड गेले. "तू ठरव. मी तुला खोटं बोल म्हणणार नाही. पण खरं बोल, असं म्हणण्याचं धैर्यही आज माझ्यात नाही."

वीस तारीख उजाडली. समितीचे चार सदस्य, केंद्रातील विद्यार्थी आणि अगदी मागच्या रांगेत निवेदिता मॅडम, असे सर्व बसले होते. राजेश्रीने तीन प्रकरणे सुरळीत मांडली. चौथ्याचे पान पडद्यावर आले तेव्हा तिने खिशातून ती बाटली काढून टेबलावर ठेवली. 'पऱ्हाटी राख, बोरी' ही जुनी चिठ्ठी तिने काढून टाकली होती. नव्या चिठ्ठीवर तिच्या अक्षरात लिहिले होते: 'पऱ्हाटीची राख व विरलेला चुना. तयार करणार: सुमनबाई, बोरी.'

मग तिने अकरा नापास प्रयोग सांगितले, बारावा सांगितला, आणि अंगणातील ती मूठही सांगितली. सांगताना आवाज दोनदा अडला. तरी तिने काही गाळले नाही.

अट घालणारे ज्येष्ठ सदस्य चष्मा काढून पुसू लागले. "म्हणजे या प्रकरणात नवीन काय उरलं?"

"काही नाही, सर."

सभागृहात कोणी हसले नाही. समितीने चौथे प्रकरण वगळण्यास सांगितले, छापील निबंध मागे घेण्याची सूचना केली, आणि नव्या कामासाठी तिसऱ्या मुदतवाढीची खास शिफारस विद्यापीठाकडे पाठवू, असे म्हटले. मिळेलच, असे मात्र कोणी म्हटले नाही. जाताना निवेदिता मॅडम तिच्याजवळ क्षणभर थांबल्या. काहीतरी बोलण्यासाठी त्यांनी श्वास घेतला, पण न बोलताच त्या गेल्या. तो घेतलेला श्वास राजेश्रीला पुढे कित्येक दिवस ऐकू येत राहिला.

सायंकाळी तिने बोरीला फोन लावला आणि जे घडले ते आईला समजेल अशा शब्दांत सांगितले.

"म्हंजी माज्या हातानं इस्कोट झाला तुजा."

"न्हाई माय. तू तुजं काम बरोबर केलंस. राख कोणी केली, कशी केली, हे इचारायचं माजं काम होतं. मी इचारलंच न्हाई."

"आता कसं?"

"आता मी येईस्तोवर पऱ्हाटी जाळू नको. मी येते आइतवारी."

"बरं." मग भीतभीत, जणू परवानगी मागावी तसे तिने विचारले, "मी हात लावू का नको गं राखंला?"

राजेश्रीने डोळे पुसले.

"लाव. तुज्यावानी कुणाला गाळता येत न्हाई. मी फक्त बाजूला वही घिऊन बसते."