काखेखालची शिवण

आत्याने आणखी एक टाचणी ओठांत धरली. तोंडात टाचण्या असल्या की उत्तर द्यावं लागत नाही, ही सोय तिला शिवणकामाच्या पहिल्याच वर्षी कळली होती. तेव्हापासून कापडाला लावल्या नसतील इतक्या टाचण्या तिने प्रश्नांना लावल्या होत्या.

"मी काहीतरी विचारतेय, आत्या." कापड बेतायच्या टेबलावर पाय हलवत बसलेली भाची म्हणाली. "बाबाचा फोन आला की तू 'हो दादा' का म्हणतेस?"

"ऊं."

"तो म्हणतो, असलं आपल्या घरात कोणी नव्हतं. तू म्हणतेस, हो दादा. रोज!"

आत्याने टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या.

"हो म्हटलं की तो लवकर फोन ठेवतो. आणि उतर तिथून, कापड चुरगळतंय."

भाची उतरली. गेल्या आठवड्यात तिने घरी सगळे जेवायला बसले असताना सांगून टाकलं होतं, की मी लेस्बियन आहे आणि हे काही वारं लागल्यासारखं जाणार नाही. आई भरलेला तांब्या पुन्हा भरायला उठून गेली. बाबाने आवाज चढवला. दुसऱ्या दिवशी पोरगी बॅग घेऊन आत्याच्या दुकानात. मागच्या खोलीत तिची गादी पडली, आणि हाताला चाळा म्हणून आत्याने तिला शिवण उसवायला शिकवलं: टाके ओढायचे नाहीत, एकाआड एक टाका ब्लेडने कापायचा, मग दोरा आपोआप सुटतो आणि कापडाला इजा होत नाही.

"आणि तुझा शब्द कुठला?" भाचीने विचारलं.

"टेलर."

"आत्या!"

"अगं, लेबल मी गळ्याच्या आतल्या बाजूला लावते. ज्याला घालायचं त्याला पुढचं-मागचं कळलं की झालं. लोकांना वाचायला नसतं ते."

"पण ज्याला घालायचं त्याला तरी कळलेलं असतं ना?"

पोरगी दादावर गेली होती. मुद्दा पकडला की सोडायची नाही. आत्याने उत्तरादाखल मशीन चालू केलं.

"बरं, तो पुतळा तरी दुसरीकडे हलव," भाची मशीनवरून ओरडली. "डोळा उघडला की वाटतं, चादर पांघरून कोणीतरी उभं आहे."

आत्याचा पाय थांबला.

"राहू दे. कोणाला काही करत नाही ती."

"ती?"

मशीन पुन्हा सुरू झालं.

दुकानात पुतळे तीन होते. दोन बाजारातून आले तसेच, कोणाच्याही मापाचे आणि म्हणून कोणाचेच नाहीत. तिसऱ्याला आत्याने वर्षानुवर्षं कापसाच्या पट्ट्या गुंडाळून एका बाईच्या अंगाचा केला होता. गाणं शिकवायच्या त्या. तानपुरा धरून त्यांचा उजवा खांदा उतरला, तसा आत्याने पुतळ्याचा उतरवला. मुलगी झाल्यावर कंबर भरली, तेव्हा पट्ट्या वाढल्या. शेवटच्या वर्षी आजारपणात आत्या पट्ट्या नुसत्या काढत गेली. थंडीत बाई गेल्या. त्यानंतर आत्याने पुतळ्यावर चादर टाकली, आणि चादर कुठे वर येते, कुठे खाली जाते, हे तिला न बघताही दिसत राहिलं.

दुपार कलताना दारावरची घंटी वाजली. बाईंचा नवरा आला होता. सरळ, भला माणूस; बायकोच्या दुखण्यात त्याने काही कमी पडू दिलं नव्हतं, ही गोष्ट आत्याने त्याच्या नावावर केव्हाच जमा केली होती. त्याने पिशवीतून करडा कोट काढला.

"लेकीला हवाय. नवा घेऊन देतो म्हटलं, तर नको. आईचाच पाहिजे. जरा आत घ्यावा लागेल."

"घेते."

"एक बोलू का, टेलरबाई? राग मानू नका. तुमचं काम एक नंबर. पण याची काखेखालची शिवण काही टिकली नाही हो."

आत्याचे कान तापले. तिच्या हातची शिवण अख्ख्या गल्लीत कोणाची उसवली नव्हती. उसवायची ती याच एका बाईची, कोट असो की झगा, दर दोन-तीन महिन्यांनी, आणि तीही त्याच जागी. त्या शरमेपायी आत्याने किती रिळं बदलली, टीप दुहेरी घातली, तरी बाई हसत दारात हजर. "काढत नाही मी, अंगावरच घाला टाके," म्हणायच्या आणि हात वर करून उभ्या राहायच्या. आत्या सुई घेऊन जवळ जायची, कपाळ बरगडीला टेकेल इतकी जवळ. एरवी अखंड बोलणाऱ्या बाई तेवढा वेळ गप्प असत. सुई लागेल म्हणून श्वास धरून उभ्या आहेत, अशी आत्याची समजूत होती. स्वतःचा श्वास आपण कशासाठी धरलाय, याचा हिशोब तिने कधी मांडला नव्हता.

"मी म्हणायचो, दुसरीकडे टाक," नवरा सांगत होता. "तर म्हणायची, जिने बिघडवलंय तीच नीट करेल. आताही उसवलेलीच आहे, बघा. शेवटी शेवटी सारखं तेच म्हणायची, जरा बरं वाटू दे, टेलरबाईंकडे जाऊन यायचंय."

बोलता बोलता त्याने छत्री टेकवली ती नेमकी पुतळ्याला. चादर घसरली. त्याने पाहिलं, मान तिरकी करून पुन्हा पाहिलं.

"हा एका बाजूने कललाय का हो?"

"हो."

"बदलून टाका," तो मायेने म्हणाला, आणि छत्री उचलून गेला.

भाचीने चादर उचलली खरी, पण पुतळ्यावर टाकायच्या ऐवजी घडी घालून हातावर ठेवली.

"अस्तर सोडव त्याचं," आत्या म्हणाली. "मला चष्मा सापडत नाहीये." चष्मा कपाळावरच होता.

भाचीने खिडकीशी बसून अस्तर मोकळं केलं. शिवणीचा आतला भाग वर आला तेव्हा तिच्या मांडीवर दोऱ्याचे बारीक तुकडे सांडले. तिने एक चिमटीत धरून उजेडाकडे नेला.

"आत्या, हे आपोआप उसवलेलं नाहीये."

"मग काय आहे?"

"ताण पडून तुटला तर दोरा पिंजारतो, तूच सांगितलंस ना? हे बघ, टोकं कशी साफ आहेत. आणि हा कापलाय, हा नाही, हा कापलाय. एकाआड एक." ती थांबली. "हे आणखी कोणाला शिकवलं होतंस तू?"

आत्याने कोट हातात घेतला. त्या जागी सुईची भोकं इतकी दाट होती की कापड जाळीसारखं झालं होतं, पण ते कुठे ताणलं मात्र नव्हतं. कापणाऱ्या हाताने कापडाला जपलं होतं. एका पावसाळ्यात बाई छत्री नाही म्हणून इथेच थांबल्या होत्या, आणि वेळ जाईना म्हणून म्हणाल्या होत्या, काहीतरी शिकवा हो. आत्याने एक जुनी बाही आणि ब्लेड त्यांच्या हातात दिलं होतं. त्यांना फार पटकन जमलं होतं.

शेवटचा काप तसाच उघडा होता. बाईंनी इथे यायची तयारी करून ठेवलेली.

आत्या स्टुलावर बसली. बराच वेळ तिने त्या उघड्या जागेत दोन बोटं घालून ठेवली, जखमेत घालावीत तशी नव्हे. पडदा जरासा बाजूला धरून कोणी आलं का बघावं, तशी.

"त्या तुझ्या शब्दाला," ती अखेर म्हणाली, "काही अट असते का गं?"

"कसली अट?"

"म्हणजे काहीतरी झालेलं असलं पाहिजे. हात धरलेला. निदान बोललेलं."

"नाही. तशी काही अट नसते."

"एकटीलाही लागू होतो?"

"होतो."

"आणि दोघी असून, एकीचं दुसरीला कळलंच नाही, तर?"

भाचीने दोऱ्याचे तुकडे तळहातावर गोळा केले, फेकायचे की नाही ते तिला कळेना, आणि शेवटी तिने ते पुतळ्यापाशी टेबलाच्या कडेला ठेवले.

फोन वाजला. या वेळेला दादाच असायचा.

"जेवली का ती?"

"जेवली."

"डोकं ठिकाणावर आलं का? तिला म्हणावं, असलं आपल्या घरात आजवर कोणी..."

आत्याने उशीतली टाचणी उपसली. ओठांपर्यंत नेली. समोर, चादरीविना, एक खांदा उतरवून पुतळा उभा होता. तिने टाचणी पुन्हा उशीत खोचली, डोक्यापर्यंत.

"दादा," ती म्हणाली, "उभा आहेस की बसलायस?"

"उभा आहे. का गं?"

"बस जरा."