मिशी उतरली, आत्या आली

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाय, पण गोष्ट कळायला पायजे म्हणून एकदाच घेते: कोंडाजी. झालं. आता पुढं 'आमचे हे' म्हणणार, कोणी खोड काढायची नाय.

तर एकाहत्तर साली आमच्या बहिरीदेव नाट्य मंडळानं माघातल्या जत्रेला तीन रात्री तीन नाटकं लावायचं ठरवलं. कडावच्या अलीकडे आमचं गाव, मूठभर, पण हौस हत्तीएवढी. पहिल्या रात्री 'नवरा हरवला बाजारात', दुसऱ्या रात्री 'पाहुणा काय जाईना', दोन्ही पोट धरून हसायची. तिसऱ्या रात्री करुण नाटक, 'भावाविना माहेर'. त्यात भाऊ मरतो आणि बहीण त्याच्या मढ्यावर पडून पडदा पडेस्तोवर रडते. नाटकं बसवायचे रामभाऊ शिंपी. त्यांनी कर्जतला हँडबिलं छापून घेतली, पार नेरळपर्यंत वाटली, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की मंडळात नायिकाच नाय.

नायिका म्हणजे बाप्याच हो! बाई स्टेजवर चढली असती तर लोकांनी आमच्या तोंडात शेण घातलं असतं. आजवर पदू करायचा बायकांची कामं, पण त्याला मुंबईत नोकरी लागली. आता मंडळात नाजूक चणीचे, उजळ तोंडाचे एकटे आमचे हे. कंबर तर माझ्यापरीस बारीक, मेली! अडचण एकच, नाकाखाली केरसुणी.

मिशी ठेवून भागलं नसतं का? मागं एकदा पदूनं मिशी न काढता वर पावडर थापली होती. तर लोक खालून ओरडली, "बाई ताक पिऊन आलीय, तोंड पुसा तिचं!"

आणि आमच्याकडं मिशीला वस्तरा लागतो तो बाप गेल्यावरच. आमचे आबा, म्हणजे माझे सासरे धर्माजी, पानाची चंची घेऊन ओट्यावर टणटणीत बसलेले. रामभाऊ भीत भीत विचारायला आले, तर आबा म्हणाले, "मी जिता हाय तवर पोराची मिशी उतरायची नाय. उतरली तर मांडवाचा एकेक बांबू मी उपटीन."

आबा बोलले म्हणजे बोलले. चौकला दिलेल्या त्यांच्या सख्ख्या बहिणीशी, अंबाआत्याशी, माझ्या लग्नापासून त्यांनी एक शब्द काढला नव्हता. का, तर मानाचं हिरवं लुगडं आत्यानं "हलकं हाय" म्हणून भर मांडवात परत टाकलं. आबांनी ते पेटीत ठेवलं ते ठेवलं. दर दिवाळीला उन्हात घालायचे, परत घडी करायचे, आणि कोणी बघितलं तर अंगावर खेकसायचे.

इकडे आमचे हे झुरायला लागले. जेवण गोड लागेना. "बायजे, एकदा तरी मला लोकांसमोर रडायचं हाय गं," असं तोंड करून म्हणाले की माझंच काळीज हललं. मी म्हटलं, "काढा मिशी! तोंडाला फडकं बांधा, दाढ सुजली म्हणून सांगा. जत्रा झाली की उगवंल परत." आणि नेसायला ते हिरवं लुगडं पेटीतनं मीच काढून दिलं. कसर खाण्यापरीस नाटकानं खाल्लेलं बरं!

आबांना खरंच वाटलं दाढ सुजली. रोज सकाळी यांच्या हातावर लवंगा ठेवायचे. "चाव रं, दाढेखाली धर." यांची दाढ धडधाकट, पण लवंगांनी जीभ भाजून निघाली.

अशात रामभाऊंनी यांना चौकला धाडलं, तिथल्या गॅरेजातनं लाउडस्पीकरला बॅटरी ठरवायला. फडक्यात तोंड उकडलं म्हणून यांनी ते सोडलं. डोक्यावर टोपी, नाकाखाली सपाट. आणि तिथंच बाकावर बसला होता नागूमामा, अंबाआत्याचा दीर.

हे घरी आले ते खुशीत. "नागूमामा किती मायेचा गं! एक शब्द बोलला नाय. नुसता पाठीवरनं हात फिरवला, चा पाजला, डोळे पुसले."

"डोळे कशाला पुसले?"

"धूर गेला असंल. गॅरेज हाय ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे देवळात तालमीला गेले. मी आणि आबा ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होतो. तेवढ्यात वेशीकडनं रडणं ऐकू आलं. बायकांचं, गळा काढून, टेंपोच्या घरघरीवर चढलेलं.

"कोण गेलं गं?" आबांनी विचारलं.

"काय ठाऊक! सकाळी पाण्यावर तर समदी धड होती."

रडणं जवळ आलं. आता त्यात शब्द कळायला लागले. "धर्मादादा रं! माझ्या वाघा रं!"

आबांच्या हातातली शेंग गळून पडली. "हा अंबूचा आवाज," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "धर्मादादा म्हणजे मीच की गं?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मिशी सपाट, टोपीखाली मुंडणच असंल असं धरून पाजलेला नागूमामाचा चा! बया बया बया! मी धावत सुटणार तोच आबांनी हात आडवा घातला. "थांब. ऐकू दे." आणि म्हातारा टुणकन उठून दाराआड जाऊन बसला.

अंबाआत्या अंगणात आली ती धाडकन खालीच बसली. मागं तिच्या जावा, भावकीतल्या बायका. "दादा रं, तू मला खांद्यावर बसवून जत्रेला न्यायचास! तुझ्या ताटातला मासा मला द्यायचास!" दाराआड आबा मान हलवत पुटपुटले, "दिला, दिला." "दादा रं, तुझ्यासारखा देखणा पंचक्रोशीत नव्हता!" आबांनी मिशीवरनं हात फिरवला. मला हसू आवरेना, मी पदर तोंडात कोंबला. बायकांना वाटलं सून हुंदके देते, त्यांनी मलाच कवटाळलं. जीव जायची वेळ आली माझी!

मग आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. "दादा, ते लुगडं लई चांगलं होतं रं! मला आवडलं होतं. जावा हसतील म्हणून मी परत टाकलं. मी आपली वाट बघत राहिले, तू येशील, दोन थोबाडीत देशील आणि मला माहेरी नेशील म्हणून. आता कोण नेईल रं मला?"

दाराआडची मान हलायची थांबली. मी बघितलं तर आबांच्या डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरत होतं. माझं हसू कुठल्या कुठं पळालं.

"मग इतकी वरसं बोलली का नाय गं?" असं म्हणत आबा बाहेर आले.

काय किंकाळ्या त्या! बायका वाट फुटेल तिकडं पळाल्या, एक तर कोंबड्यांच्या खुराड्यावर चढली. टेंपोवाला टेंपो टाकून पळाला. आत्या तेवढी जागची हलली नाय. तिनं आधी आबांच्या पायांकडं बघितलं. पाऊल उलटं नाय अशी खात्री झाली तशी उठली आणि दोन्ही मुठींनी त्यांच्या छातीवर धपाटे घालायला लागली.

"मेला नायस तर मला रडवलंस कशाला रं! चौकपासून रडत आले, घसा बसला माझा!"

"मी कुठं बोलावलं तुला? तूच मला परस्पर जाळून मोकळी!"

इतक्यात देवळाकडनं आमचे हे. घराकडनं रडणं ऐकलं आणि यांना वाटलं, आबा गेले, मिशी काढली म्हणूनच गेले. तालमीतनं तसेच सुटले. हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात काकणं, कपाळाला कुंकू. "आबा! माझ्यापायी गेलात हो आबा!" आणि मागनं रामभाऊ, नाटकाची वही नाचवत, "असंच! असंच रड! हाच सूर पायजे!"

समोर जिते आबा बघून हे जागीच थिजले. आबा पोराकडं बघतायत: वरचा ओठ सपाट, अंगावर लुगडं. मी मनात म्हटलं, झालं, गेली तिन्ही नाटकं, आता बांबू उपटले जाणार.

पण आत्याची नजर भलतीकडंच होती. ती पुढं झाली, लुगड्याचा काठ तिनं बोटांनी चाचपला. "दादा, हे माझं?"

"तुझंच," आबा म्हणाले. "जपून ठेवलं होतं. या गाढवानं नेसलं."

"सोड रं," आत्या यांना म्हणाली.

"अवो आत्या, आत नुसती चड्डी हाय."

"सोड म्हणते ना!"

भर अंगणात यांना लुगडं सोडावं लागलं. रामभाऊंनी वही उघडून आडोसा केला, पण वही ती केवढीशी! आत्या लुगडं छातीशी धरून रडली. या खेपेला आवाज नव्हता.

जरा वेळानं रामभाऊ चाचरले. "आबा, तेवढं नाटकाचं..."

आबांनी बहिणीकडं बघितलं. "मिशी गेली म्हणून अंबू आली. काढ रं पोरा, दरसाल काढ!" मग घसा खाकरून म्हणाले, "पण मढ्याचं काम मी करणार. माझी तालीम झालीय."

जत्रेतली दोन विनोदी नाटकं गाजली. तिसऱ्याला आत्या सगळ्यांच्या पुढं, हिरवं लुगडं नेसून, जावांना काठ दाखवत बसलेली. हे तिचंच जुनं जांभळं नेसून स्टेजवर, आणि मधोमध आबा, मेलेले. हे रडायला लागले आणि काय सुरेख रडले! माझा नवरा म्हणून सांगत नाय. पण आत्याला राहवेना. तिनं खालून असा गळा काढला की यांचं कोणाला ऐकूच येईना. रामभाऊ पडद्याआडनं तिला हात जोडतायत, हे मढ्यावर पडल्या पडल्या दातओठ खातायत. शेवटी मढंच कुशीवर वळलं आणि म्हणालं, "अंबू, गप गं. मी नाटकात मेलोय."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली. त्या रेट्यात मांडवाचा एक बांबू खरंच उपटून आला. यांचं रडणं अर्धंच राहिलं, त्यावरनं हे अजून फुगतात.

सकाळी सगळं मंडळ आमच्या ओट्यावर वाल-भाकरी खायला बसलं. आत्याही होती. रामभाऊ म्हणाले, "पुढल्या साली तिन्ही विनोदीच लावू. करुण आपल्या गावाला झेपत नाय."

"नाय," आबा म्हणाले. "हेच लावायचं. मी परत मरतो."

"अवो, पण कशाला?"

आबा खाली मान घालून भाकरी मोडत राहिले. "अंबूला यायला निमित्त पायजे ना."

आत्यानं हातातला घास ताटात ठेवला. "दादा," ती म्हणाली, "जिता असताना बोलाव की रं मला."