सूनबाईंचा हुकूम

मिस्त्रींनी जन्मभर भिंती बांधल्या होत्या आणि जन्मभरात कोणाचं ऐकलं नव्हतं. परदेशात बत्तीस वर्षं काढून ते जन्मगावी निघाले होते, विमानाने, सोबत जुना दोस्त रंगारी. तेवढ्यात सूनबाई गोळ्यांची पाकिटं घेऊन समोर उभी राहिली. दूरच्या प्रवासाला निघणाऱ्यांना लसी टोचणाऱ्या दवाखान्यात ती नर्स होती.

“मला मलेरियाची भीती घालू नकोस,” मिस्त्री म्हणाले. “तिथल्या डासांना मी रक्त पाजून मोठं केलंय. ओळखतील मला!”

“बाबा, ते डास कधीच मेले. आताचे त्यांचे पणतू, ते कशाला ओळखतील? लहानपणी अंगात मलेरियाशी झगडायची जी ताकद होती, ती एवढ्या वर्षांत ओसरली. रोज एक गोळी, जेवल्यावर. परत आल्यावरही चार आठवडे. आणि झोपायचं ते मच्छरदाणीतच.”

रंगारी खो खो हसला. “मला नको बुवा. माझी कातडी जाड आहे.”

गावी भावंडांनी “साहेब आले” म्हणून मिस्त्रींना भरपूर चिडवलं. ते गुरगुरले, पण गोळी चुकवली नाही. खिळे ठोकून मच्छरदाणी तर अशी ताणून बांधली की एक कोपरा लोंबेल तर शपथ. रंगारी मात्र तीन आठवडे अंगणात उघडाच झोपला.

परतल्यावर अकराव्या दिवशी रंगाऱ्याच्या बायकोचा फोन आला. “भाऊजी, यांना हुडहुडी भरून ताप आलाय. फ्लू असेल, झोपवलंय.”

मिस्त्रींनी लगेच सुनेला कामावर फोन लावला.

“झोपवू नका, आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्या,” ती म्हणाली. “कुठून आलात ते आपणहून सांगा. रक्त आजच तपासायला हवं.”

मिस्त्रींनी टॅक्सी केली. तरुण डॉक्टर म्हणाला, “सध्या फ्लूची साथच आहे, आजोबा.”

“असेल. पण हा मलेरियाच्या मुलखातून आलाय, आणि एकही गोळी घेतलेली नाही. रक्त आजच तपासा. माझ्या सुनेने सांगितलंय.”

दोन तासांत निकाल आला. मलेरियाच होता, तोही जीवघेण्या जातीचा. रंगाऱ्याला लगेच सलाईन लावलं.

“उद्यावर टाकलं असतं तर अवघड होतं,” डॉक्टर म्हणाला. “तुमच्या सूनबाई डॉक्टर आहेत का?”

“नर्स आहे,” मिस्त्री म्हणाले. त्यांची छाती आपोआप पुढे आली. “पण डॉक्टर लोकसुद्धा तिचं ऐकतात. आज तुम्ही नाही का ऐकलंत?”

पाचव्या दिवशी रंगारी उठून बसला. सूनबाई ड्युटी संपवून भेटायला आली, तेव्हा त्याने हात जोडले. ती संकोचून म्हणाली, “काका, हात कसले जोडता? पुढच्या वेळी गोळ्या घ्या म्हणजे झालं.”

मिस्त्रींना मात्र राहवेना. त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी माणसाला हाक मारून सांगितलं, “ही माझी सून.” मग पलीकडच्या खाटेवर. मग औषधांची गाडी ढकलत आलेल्या बाईंना. सूनबाई बाही ओढत होती, “बाबा, पुरे ना!” पण त्या दिवशी तिचं एवढं एकच त्यांनी ऐकलं नाही.