खडूची रेघ वर

"ताई, मागच्या खोलीतली ती बाटली नासली होती. तळाशी हा एवढा गाळ! ओतून टाकली मी," धाकटा म्हणाला आणि माझ्यासमोर ओले हात पुसायला लागला.

"कुठली बाटली?" मी विचारलं, पण विचारायची गरज नव्हती. वरच्या अंगाला खडूची पांढरी रेघ ओढून आडवी ठेवलेली बाटली तिथे एकच होती.

"शिंपीकाकांची गं. बरं झालं, त्यांना द्यायच्या आधी उजेडात धरून बघितली. इज्जत वाचली आपली."

इज्जत! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वडिलांच्या मागे हे वाइनचं दुकान आम्ही दोघं चालवतो. गल्ला आणि बिअर याच्याकडे, पोर्तुगालच्या रेड वाइन निवडणं माझ्याकडे. पण जन्म याच दुकानात गेला ना याचा? चांगली रेड वाइन म्हातारी झाली की तिचा रंगच हळूहळू तळाशी बसतो, हे कानावरून तरी गेलं असेल! म्हणून तर रेघ कायम वर ठेवायची, म्हणजे गाळ एका बाजूला शांत पडून राहतो. मला एकदा विचारलं असतं तर जीभ झिजली असती का?

ती बाटली काकूंनी निवडलेली होती. काका ज्या दिवशी शिवणकाम थांबवतील त्या दिवशी उघडायला दोघांना काहीतरी ठेवणीतलं हवं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यासाठी मी दोन ग्लास पुढे केले होते. एक पोर्तुगालमधल्या आलेन्तेजो भागातली, तिकडच्या उन्हात पिकलेली, मऊ, पहिल्या घोटातच लाडात येणारी. दुसरी तिथल्याच डाऊ या डोंगराळ भागातली, अजून कोवळी. काकांनी पहिली घेतली आणि खूश झाले. दुसरी घेतल्यावर त्यांचा चेहरा लिंबू चोखल्यासारखा झाला.

"तोंड आवळतंय हो!"

"मऊ आहे ती आजच प्यायची," मी म्हणाले. "ठेवायची असेल तर ही दुसरी. आत्ता भांडते, पण अंगात दम आहे. वर्षं गेली की निवळेल."

"अगदी माझ्यासारखी," काकू म्हणाल्या. "हीच घ्या."

"घेतो. मला सवय आहे," काका म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो.

पुढे काकू गेल्या, बाटली आमच्याकडेच राहिली. आणि आज काका आपल्या शिवणाच्या दुकानाला कायमचं कुलूप लावून ती न्यायला येणार होते.

"मग दुसरी देऊ ना," धाकटा म्हणाला. "शोकेसमधली, भारीतली. पैसे नको घेऊस. आधीची खराब निघाली म्हणून सांग, विषय संपला."

"खराब निघाली म्हणून सांगू? म्हणजे काकूंनी चुकीची निवडली असं सांगू त्यांना? आज?"

"एका बाटलीसाठी किती तमाशा करशील गं!"

मी तडक मागे गेले. तिथेच थांबले असते तर हात उठला असता. मागच्या दाराशी रिकाम्या बाटल्यांच्या खोक्यात ती सापडली. तळाशी जेमतेम चमचाभर वाइन उरली होती. गाळाने मोरी तुंबेल म्हणून गाळ बाटलीच्या गळ्याशी येताच याने हात आवरला होता. जुनी वाइन अशीच, गाळ यायच्या आत थांबून ओततात; आयुष्यात पहिल्यांदा याने ती बरोबर ओतली, आणि तीही मोरीत!

काका आले. इस्त्रीचा शर्ट, भांग नीट पाडलेला, पण मोजपट्टी गळ्यात तशीच राहिलेली. धाकट्याने घाईघाईने शोकेसमधली बाटली पुढे केली. "काका, तुमची ती जरा खराब..."

"खराब नव्हती," मी म्हणाले. "याने गाळ बघितला आणि ओतून दिली. मला विचारलं नाही. वाइनचा काही दोष नव्हता, काका. निवडणारीचाही नव्हता."

काकांनी माझ्या हातातल्या रिकाम्या बाटलीकडे बघितलं. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"काहीच नाही राहिली?"

मी काउंटरवर ग्लास ठेवला आणि उरलेली चमचाभर, गाळासकट, त्यात उतरवली. काकांनी ग्लास नाकाशी धरला. मग जिभेवर घेतली आणि डोळे मिटून उभे राहिले.

"आता भांडत नाही," काका म्हणाले.

शोकेसमधल्या बाटलीला त्यांनी हात लावला नाही. रिकामी मात्र मागून घेतली. मी बूच बसवून दिलं. दाराबाहेर पडताना त्यांनी ती दोन्ही हातांवर आडवी धरली होती, खडूची रेघ वर ठेवून.