सवतीच्या गळ्यातली माळ

मित्रांनो, थायलंडमधल्या नान गावच्या मंडईतल्या कपाटात जळमटांचा शेला पांघरून बसलेली मी म्हातारी तपासपेटी. माझ्या पोटात कागदाची पट्टी सरकवतात. पट्टीवर विकर असतं, म्हणजे एन्झाइम. इवलासा जीवच म्हणा ना. स्वच्छ भाजीचा रस पडला की ते कामाला लागतं, पट्टी निळी होते. रसात कीटकनाशक असलं की त्याचा श्वास कोंडतो, पट्टी पांढरीच राहते. तपासनीस सुमाली मला लेकरासारखी कडेवर घेऊन गाळ्यागाळ्यांतून हिंडायची.

मग सवत आली. चकचकीत, आकडे दाखवणारी नवी तपासपेटी. भिक्खूंनी तिला पवित्र सूत बांधलं. सुमालीने जाईची माळ घातली आणि तिच्या पट्ट्यांच्या डबीसकट तिला भूमिदेवतेच्या चिमुकल्या घरापुढे ठेवलं. दुपारभर, भर उन्हात. तिच्या गळां जाई, माझ्या गळां जाळं. जीव नुसता जळत राहिला.

दुसऱ्या सकाळी पहिली पाळी बुआखाम मावशीची. तिच्या चवळीच्या शेंगा सवतीने विषारी ठरवल्या. नियम कडक होता: माल खड्ड्यात आणि गाळा बंद. त्या गाळ्यावरच तर मावशीचं पोट. ती भांडली नाही. एक शेंग उचलून कचाकचा खाऊ लागली.

“थुंक ती, मावशी,” सुमाली घाबरून म्हणाली.

“कशाला? सकाळी चिकट भाताबरोबर हीच खाल्लीय. तुझी ही नवी नवरी खोटं बोलते.”

शेजारच्या मासेवाल्या कामफोंगने सुचवलं, नुसतं पाणी घालून बघ. पाणीही विषारी निघालं.

“झालं,” तो म्हणाला, “म्हणजे आपण सगळे कालच मेलो.”

सवतीचं हसं झालं आणि कपाटात मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सुमालीने पट्ट्यांची डबी हातात घेतली आणि तिला कालचं ऊन आठवलं. उन्हाने विकर मेलं होतं. मेलेली पट्टी कशानेच निळी होत नाही.

माझ्या उरलेल्या पट्ट्या मात्र मासळीबरोबर कामफोंगच्या बर्फात ठेवलेल्या होत्या, सुखरूप. सुमालीने मला पुसलं, शेंगांचा रस घातला. पट्टी मोरपिसासारखी निळी झाली. मावशीने सवतीच्या गळ्यातली माळ काढून माझ्या गळ्यात घातली.

पण त्याच गार पट्ट्या सवतीलाही चालल्या. ती पुन्हा मंडईत, मी पुन्हा कपाटात, सुकल्या माळेसकट. जळते मी अजून, का खोटं बोलू?

तरी मित्रांनो, तिच्यासाठीही एक मागते. आमचं कौतुक करा, पण सावलीत. ऊन लागलं की फूल कोमेजतं, ते दिसतं. आमचं कोमेजणं दिसत नाही.