आडवा आरसा

मी आरसा बोलतोय. तोही आडवा. तुमच्या घरी असतो तसा उभा नाही; जमिनीपासून वीतभर वर, बालवर्गाच्या भिंतीला लांबलचक ठोकलेला. मोठं माणूस समोर आलं की मला फक्त त्याचे गुडघे दिसतात. तोंडं दिसतात ती तीन वर्षांच्या माणसांची.

तुम्ही मंडळी आमच्याबद्दल कधी धड बोलला नाहीत. 'हातच्या कांकणाला आरसा कशाला' म्हणता, म्हणजे आमचं नाव घ्यायचं तेही आमची गरज नाही हे सांगायला. असो. माझा स्वभाव जरा तिखट आहे, पण खोटं बोलायची सवय नाही. निदान मी तरी तसं समजत होतो.

माझी पहिली बावीस वर्षं एका शिंपीकाकांच्या दुकानात गेली. तेव्हा मी ताठ उभा होतो. गिऱ्हाईक नवे कपडे घालून समोर यायचं, पोट आत घ्यायचं, श्वास रोखायचं आणि काकांना विचारायचं, "कंबरेत घट्ट होतंय का हो?" काका म्हणायचे, "श्वास सोडा, मग सांगतो." बावीस वर्षांत स्वतःला बघून खळखळून हसलेलं गिऱ्हाईक मी एकही पाहिलं नाही. जो तो आपल्यातली खोट शोधायला यायचा, आणि ती सापडली की राग माझ्यावर.

पुढे काकांना सुईत दोरा दिसेनासा झाला आणि दुकान बंद झालं. त्यांची पुतणी बालवर्गाची बाई. ती म्हणाली, "काका, आरसा मला द्या." सुतार आला. त्याने माझ्या कडा घासल्या, फुटलो तरी तुकडे उडू नयेत म्हणून पाठीला जाड कागद चिकटवला आणि मला आडवा केला. उतारवयात आडवं केलं म्हणजे आपला कारभार आटोपला, असं मी मनाशी म्हटलं.

कसला आटोपतोय. दुसऱ्याच दिवशी एकाने मला चाटलं.

इथली मंडळीच वेगळी. माझ्यावर फुंकर मारतात, नाक चपटं करून बघतात, स्वतःलाच टाटा करतात. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला, ही म्हण इथे रोज सकाळी जशीच्या तशी दिसते. एक भोंगा होता. तो रडत यायचा, पण रडताना आपण कसे दिसतो ते बघण्यात असा गुंगायचा की रडायचं विसरायचा. दुसरा हात पाठीमागे बांधून चालायचा, म्हणून सगळे त्याला आजोबा म्हणत. तो रोज माझी तपासणी करायचा आणि "छान" म्हणून पुढे जायचा.

सकाळी बाई सगळ्यांना माझ्यासमोर बसवायच्या. एकेकाने पुढे यायचं, माझ्यात दिसणाऱ्या आपल्या तोंडावर बोट ठेवायचं आणि "हा मी" नाहीतर "ही मी" म्हणायचं. मग आपलं काय आवडतं ते सांगायचं. आजोबाला स्वतःचे गुडघे आवडायचे. भोंग्याला आवाज.

आणि त्या दोघी. जुळ्या. एक आठ मिनिटांनी मोठी, म्हणून ती थोरली आणि दुसरी धाकटी. फ्रॉक एक, केसांचा कट एक, मोज्याची घडी एक. थोरलीची पाळी आली की ती धाकटीचा हात धरूनच यायची आणि एका दमात सांगायची, "ही धाकटी. मी हिची ताई. हिला दूध आवडत नाही. हिला शू लागलीय." दोघींचं काम झालं म्हणून सगळे खूश.

मग बाई धाकटीला विचारायच्या, "आणि ही कोण गं?" धाकटी माझ्यातल्या स्वतःच्या नाकावर बोट ठेवायची आणि म्हणायची, "ताई."

पोरं हसायची. बाई हसायच्या नाहीत. एकदा त्यांनी मुलींच्या आईला थांबवलं.

"घरी फोटो दाखवला तरी हेच," आई म्हणाली. "दोन्हीकडे बोट ठेवते आणि ताईच म्हणते. मीच वेडी, दोघींना एकसारखं घालते. गोड दिसतात हो."

"सुट्टीनंतर दोघींचे वर्ग वेगळे होणार," बाई म्हणाल्या. "शाळेचा नियमच आहे. थोरलीचं निभेल. पण हिला वाटेल, ताईबरोबर आपणही पलीकडच्या वर्गात गेलो आणि इथे कुणी उरलंच नाही."

सुट्टीला तीन आठवडे उरले होते.

त्यातच थोरलीला ताप आला आणि धाकटी एकटीच शाळेत आली. आईचा पाय दारातून निघेना. पण धाकटी रडली नाही. ती तडक माझ्याकडे आली, मला बघून तिचा चेहरा खुलला, आणि फतकल मारून समोर बसली. डब्यातलं बिस्कीट काढलं, मोडलं, अर्धं माझ्यापुढे धरलं.

"ताई, घे."

बिस्कीट काचेवर टक्कन आपटलं. आतलीनेही अर्धं पुढे केलं होतं. धाकटीने पुन्हा दिलं, पुन्हा टक्. माझ्या चौकटीत चुरा साठला. तिसऱ्या वेळेला तिने बिस्कीट खाली ठेवलं आणि म्हणाली, "ताई खात नाही." मग मात्र ती रडली. भोंग्यासारखी नाही, आवाज न करता.

मला फार वाईट वाटलं. जन्मभर खरं दाखवतो म्हणून मिरवलो आणि एका पोरीला अर्ध्या बिस्किटासाठी फसवलं.

वर्गातल्या मावशी झाडता झाडता म्हणाल्या, "बाई, चार दिवस हा आरसा काढून ठेवू या. उगाच जिवाला घोर पोरीच्या." मला ते पटलं.

"एक दिवस थांबा," बाई म्हणाल्या.

मुलांचा एक जुना खेळ होता. हात धरून गोल बसायचं, एकाने शेजाऱ्याचा हात दाबायचा, त्याने पुढच्याचा, असं दाबत दाबत सगळ्यांपर्यंत पोचवायचं. दुसऱ्या दिवशी बाईंनी गोल मोडला आणि सगळ्यांना माझ्यासमोर एका रांगेत उभं केलं. धाकटी मधे, एका बाजूला आजोबा, दुसऱ्या बाजूला भोंगा.

धाकटीची नजर माझ्यातल्या ताईवर. माझ्यातल्या आजोबाने माझ्यातल्या ताईचा हात दाबला. धाकटी दचकली. तिने आपला हात वर करून पाहिला.

"परत," ती म्हणाली.

आजोबाने परत दाबला, अगदी गंभीरपणे. आता तिने भोंग्याचा दाबला, चांगलाच. भोंगा ओरडला, "हिने जोरात दाबला!" आणि त्याने बोट दाखवलं ते माझ्याकडे नाही, तिच्याकडे.

धाकटीने दोन्ही हात सोडवून घेतले. एक हात वर केला. आतलीनेही केला. नाकाला लावला. आतलीनेही लावला. ती इतकी जवळ आली की तिच्या श्वासाने मी धुरकटलो. तिने कोपराने मला पुसलं.

"ताई घरी आहे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, हळूच, "ही मी."

बाई नुसत्या "हो" म्हणाल्या. मावशींच्या हातातला झाडू खाली पडला. माझं काय झालं ते मला सांगता येत नाही. रडायची सोय असती तर रडलो असतो.

पाच दिवसांनी थोरली आली. सकाळी नाव पुकारलं तशी ती उठली आणि धाकटीचा हात ओढू लागली. पण धाकटी जागची हलली नाही. "तू जा," म्हणाली. थोरली पहिल्यांदाच माझ्यासमोर एकटी उभी राहिली.

"ही कोण गं?" बाईंनी विचारलं.

थोरलीने माझ्यावर बोट ठेवलं. "धाकटी."

कुणी हसलं नाही. माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं, की या पोरीने माझ्यात स्वतःला कधी पाहिलंच नव्हतं. ती यायची आणि धाकटीचं नाक पुसलंय का, बटण लागलंय का, तेच बघायची. थोरलीचं निभेल, असं बाईही म्हणाल्या होत्या, मीही धरून चाललो होतो. तिचा खालचा ओठ थरथरू लागला.

तेव्हा धाकटी उठली. तिने थोरलीचा हात धरला आणि जोरात दाबला.

"कळलं ना?" ती म्हणाली. "ती तू आहेस."

थोरलीने माझ्याकडे पाहिलं. जीभ काढून पाहिली, डोकं हलवून पाहिलं. मग हसली, आणि तिला शू लागली होती ती तिने स्वतःची म्हणून सांगितली.

आता सुट्टी संपली आहे. माझ्या एका कोपऱ्यातला पारा उडालाय, तिथे उभं राहिलं की कान दिसत नाही. पोरं त्यासाठी रांग लावतात. तुम्हीही कधी या. गुडघे टेकून बसा, पोट आत घेऊ नका, आणि शेजारी कुणी असेल तर हात दाबायला सांगा.

कुणी नसेल तरी बिघडत नाही. वर्ग वेगळे झाले त्या दिवशी थोरली पलीकडे जायच्या आधी माझ्याकडे आली. एकटीच होती. तिने एका हाताने आपलाच दुसरा हात दाबला, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि आपल्या वर्गात गेली.